गाठीची विद्या

मराठी भाषेने 'गाठ' या लहानशा शब्दावर फार मोठा भार टाकला आहे. दोन माणसे भेटली की त्यांची गाठ पडते. वधूवरांच्या वस्त्रांना गाठ मारली की त्यांचा संसार सुरू होतो. विसरू नये अशी गोष्ट पदराच्या टोकाला गाठ मारून लक्षात ठेवली जाते आणि तीच पुढे मनातली खूणगाठ होते. साठवलेला पैसा गाठीशी असतो, तसा आयुष्यभराचा अनुभवही गाठीशीच असतो. सरकी काढून दाबलेल्या कापसाच्या १७० किलोंच्या गठ्ठ्यालाही बाजारात गाठच म्हणतात. भाषेने या शब्दाला इतका मान दिला. पण बोटांनी दोराला प्रत्यक्ष गाठ मारण्याच्या कामाला मात्र विद्येचा मान क्वचितच मिळाला. गाठ ही शिकायची गोष्ट आहे, तिच्यात शास्त्र आहे आणि आनंदही आहे, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध आहे. छत्तीसगढातल्या गावोगावचे व्यापारी येथून माल नेतात. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून या प्रदेशात मराठी कुटुंबे वसली आहेत. त्यांच्या घरात जी 'गाठ' असते, तीच बाहेर बाजारात आली की 'गठान' होते. शब्द बदलतो, पण बोटांची हालचाल तीच राहते. कापड दुकानात दुमडून, मोजून विकले जाते हे सर्वांना दिसते. ते दुकानात येण्याआधी आणि दुकानातून गेल्यावर दोरांच्या किती हातांमधून फिरते, हे मात्र सहसा दिसत नाही. गठ्ठ्याला गोणपाटाचे वेष्टण घालायचे, दाभणात सुतळी ओवून त्याच्या कडा शिवायच्या, त्यावर आडवे-उभे दोर टाकून ते आवळायचे, आणि मग तो गठ्ठा हातगाडीवर किंवा रिक्षावर असा बांधायचा की खड्ड्यात चाक गेले तरी तो हलू नये. अनेक वर्षे पंडरीतच बसस्थानकही होते. पुढे ते भाठागावला गेले. बसच्या टपावर सामान चढवून, दोराने आवळून, ते शेकडो मैलांच्या प्रवासाला धाडणे हेही त्याच विद्येचे काम होते.

ही विद्या कोणत्याही पुस्तकात वाचून आलेली नसते. थोरला बांधतो, धाकटा पाहतो. दोनदा चुकतो, तिसऱ्यांदा त्याच्या हातात ती बसते. विचारले तर तो सांगू शकत नाही की दोर नेमका कोणत्या क्रमाने फिरला. "असे करायचे," एवढेच म्हणून तो करून दाखवतो. ज्याला 'शाळा सुटलेला' म्हणतात अशा माणसाच्या हातात पुष्कळदा असे ज्ञान असते. पण त्याची परीक्षा कोणी घेत नाही, त्याला गुण कोणी देत नाही, म्हणून तो स्वतःही त्याला ज्ञान मानत नाही. 'मला काही येत नाही' असे तो सहज म्हणतो आणि ते म्हणत असतानाच त्याची बोटे एक अवघड गाठ न पाहता पूर्ण करीत असतात.

जुन्या मराठी घराने गाठींची पहिली वर्गवारी अगदी नेमकी केली होती: निरगाठ आणि सुरगाठ. एक टोक ओढताच जी अलगद सुटते, ती सुरगाठ. जी ओढल्याने सुटत नाही, उलट अधिकच बसते, ती निरगाठ. गायीच्या दाव्याला कोणती आणि धान्याच्या पोत्याला कोणती, हे घरातल्या मुलालाही कळत असे. गोठ्याला आग लागली किंवा जनावर अडकले, तर दावे एका झटक्यात सुटले पाहिजे. तेथे सुरगाठ हवी. जे पुन्हा उघडायचेच नाही, तेथे निरगाठ हवी. म्हणजे गाठ बांधतानाच ती पुढे कधी आणि कशी सोडायची आहे, याचा विचार करावा लागतो. गाठीच्या साऱ्या शास्त्राचे मर्म या एका भेदात आले आहे. चांगली गाठ तीच, जी हवी तोवर धरून ठेवते आणि नको झाली की सोडून देते.

गाठ धरून ठेवते ती कशाच्या बळावर? त्याचे उत्तर एका शब्दात आहे: घर्षण. दोर दोरावर किंवा खांबावर दाबला जातो आणि तो दाबच त्याला निसटू देत नाही. अठराव्या शतकातील स्विस गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर याने खांबाभोवती गुंडाळलेल्या दोराचे गणित मांडले. त्यातून निघालेली गोष्ट थक्क करणारी आहे. वेढ्यांची संख्या वाढली की पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणाचे प्रमाण ०.३ धरले, तर एक पूर्ण वेढा घेतल्यावर हाताच्या जोराच्या सुमारे साडेसहा पट ओढ तोलता येते. दोन वेढ्यांनी सुमारे ४३ पट आणि तीन वेढ्यांनी सुमारे २८५ पट. म्हणूनच धक्क्याला लागलेले जड गलबत एक माणूस खुंटाला तीनचार वेढे देऊन थोपवू शकतो. हमालाने गाडीच्या आडव्या दांड्याला दोराचे दोन वेढे आधी दिले आणि मग गाठ मारली, तर तो ऑयलरचेच गणित करीत असतो. फक्त त्याला त्या गणितज्ञाचे नाव ठाऊक नसते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. हातांना जर सारे ठाऊकच आहे, तर नियम शिकायचे कशासाठी? याचे उत्तर दोरानेच दिले आहे. काथ्या, अंबाडी आणि ताग यांचे दोर खरखरीत असत. त्यांचे तंतू एकमेकांत अडकत, आणि साधी गाठही त्यात घट्ट बसे. पुढे बाजारात नायलॉन आणि प्लॅस्टिकचे गुळगुळीत दोर आले. ते स्वस्त होते, पाण्याने कुजत नव्हते, वजनालाही हलके होते. पण आजोबांपासून चालत आलेली गाठ त्यांच्यावर निसटू लागली. ज्याने केवळ 'असे करायचे' एवढेच शिकले होते, तो दोराला दोष देत राहिला. ज्याला गाठ घर्षणावर उभी असते हे कळले होते, त्याने एक वेढा वाढवला, मोकळे टोक लांब ठेवले आणि काम पुढे नेले. हाताचे ज्ञान आणि नियमाचे ज्ञान ही परस्परांची वैरी नाहीत. साहित्य बदलते तेव्हा पहिल्याला दुसऱ्याचा आधार लागतो. आणि ज्याला घर्षणाची व्याख्या मुखोद्गत आहे, पण वळकटी बांधता येत नाही, त्यालाही पहिल्याकडे जाऊन बसावे लागते.

अगदी रोजच्या गाठीतही शिकण्यासारखे कसे असते, याचे उदाहरण बुटाच्या नाडीत सापडते. दोन टोके एकमेकांवर टाकून मारलेल्या दुहेरी गाठीचे दोन प्रकार होतात. उजवे टोक डाव्यावरून आणि मग डावे टोक उजव्यावरून घेतले, तर गाठ चपटी, चौकोनी बसते. तिला स्काउटच्या शिक्षणात 'रीफ नॉट' म्हणतात. तीच क्रिया दोन्ही वेळा एकाच बाजूने केली, तर दिसायला जवळजवळ तशीच, पण तिरकी आणि सैल गाठ तयार होते. पुष्कळ माणसे आयुष्यभर ही दुसरी गाठ मारतात आणि नाडी वारंवार का सुटते याचे नवल करतात. २०१७ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी नाडी कशी सुटते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाऊल जमिनीवर आपटते तेव्हा गाठ हादरून सैल होते आणि पाय पुढे झुलतो तेव्हा नाडीची मोकळी टोके हिसका देऊन तिला ओढतात. या दोन गोष्टी मिळून काही क्षणांत नाडी सोडवतात, असे त्यांना आढळले. तिरकी गाठ चौकोनी गाठीपेक्षा लवकर सुटते, हेही त्यात दिसले. हाताची एक हालचाल उलट दिशेने केली, तर पन्नास वर्षांची सवय सुधारता येते. वय झाले म्हणून शिकण्याची वेळ टळली, असे मानणाऱ्यांसाठी याहून स्वस्त धडा दुसरा नाही.

पंडरीत विकल्या जाणाऱ्या कापडाच्या पोटातही गाठी दडलेल्या असतात. चांपा येथील विणकर कोसा रेशीम विणतात. मागावरचा एखादा धागा तुटला, तर त्याची दोन टोके जोडावी लागतात. पण ती गाठ इतकी बारीक हवी की ती फणीतून अडखळल्याशिवाय पार झाली पाहिजे आणि कापडावर बोट फिरवले तरी जाणवू नये. त्यासाठी विणकर एका टोकाचा वळसा करून दुसरे टोक त्यातून फिरवून अडकवतो. गंमत अशी की समुद्रावरचे खलाशी जाड आणि बारीक असे दोन दोर जोडण्यासाठी जी गाठ वापरतात, तिची रचना हीच आहे. समुद्र कधीही न पाहिलेला विणकर आणि माग कधीही न पाहिलेला खलाशी एकाच आकृतीपाशी येऊन पोहोचले. गरज सारखी असली की माणसाची बोटे सारखाच विचार करतात.

जगभरच्या अशा गाठी एकत्र करण्याचे काम क्लिफर्ड ॲश्ली या अमेरिकी चित्रकाराने केले. अकरा वर्षे खपून त्याने लिहिलेला गाठींचा ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३,९०० नोंदी आणि हजारो रेखाटने आहेत. खलाशी, खाटीक, कोळी, शिंपी, शल्यवैद्य अशा अनेकांकडे जाऊन त्याने त्यांच्या गाठी टिपल्या. गाठींनी याहूनही मोठी कामे केली आहेत. दक्षिण अमेरिकेतील इंका लोक दोऱ्यांवर गाठी मारून हिशेब ठेवीत. गाठीच्या जागेवरून एकक, दशक, शतक ओळखले जाई आणि शून्यासाठी जागा रिकामी सोडली जाई. जहाजाचा वेग मोजण्यासाठी खलाशी ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडीत आणि वाळूच्या घड्याळाच्या वेळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजीत. म्हणून आजही जहाजाचा वेग इंग्रजीत 'नॉट', म्हणजे गाठ, या एककातच सांगतात.

परंतु गाठी शिकण्याचे खरे कारण उपयोग हे नाही. ते आनंद हे आहे. साहित्य म्हणून हातभर दोरी पुरते. ती संपत नाही, खराब होत नाही, चुकले तर सोडून पुन्हा बांधता येते. वहीवर खोडले तर डाग राहतो. दोरीवर चुकीचा मागमूस राहत नाही. उत्तर बरोबर आहे की नाही हे कोणा परीक्षकाला विचारावे लागत नाही. टोक ओढताच गाठच उत्तर देते. शिक्षण अर्धवट सुटलेल्या प्रौढाच्या मनात शाळेची जी धास्ती असते, ती पुष्कळदा चुकण्याची नसते, चुकलेले चारचौघांत दिसण्याची असते. दोरीपुढे ती धास्ती उरत नाही. रात्री दुकान मिटल्यावर, बसची वाट पाहताना किंवा आजाऱ्याच्या उशाशी बसलेले असताना एखादा माणूस खिशातली सुतळी काढून एक नवी गाठ शिकतो, आणि ती जमल्यावर त्याला जे वाटते, ते लहान मूल पहिल्यांदा आपले नाव लिहिते तेव्हाच्या भावनेहून वेगळे नसते. 'मी शिकू शकतो' ही खात्री त्याला मिळते. एकदा ती मिळाली की ती दोरीपुरती राहत नाही. अक्षरांकडे आणि अंकांकडे पाहण्याची त्याची नजरही बदलते.

गाठ हातात बसली की तिच्यातून वस्तू घडवण्याची ओढ लागते. शिंके हा त्याचा सर्वांत सोपा आरंभ. छत्तीसगढी घरात त्याला 'सींका' म्हणतात. पूर्वी दूध-दही मांजरापासून वाचवण्यासाठी ते आढ्याला टांगलेले असे. आता त्यात फुलझाडाची कुंडी शोभून दिसते. सुमारे दोन मीटर लांबीच्या चार दोऱ्या घ्याव्यात, त्या मधोमध दुमडून वरच्या टोकाला एकत्र बांधाव्यात आणि अडकवण्यासाठी एक वेढा मोकळा ठेवावा. खाली आठ पदर लोंबतात. त्यांच्या चार जोड्या करून प्रत्येक जोडीला हातभर खाली, एकाच उंचीवर, गाठ मारावी. मग प्रत्येक जोडीतला एक पदर शेजारच्या जोडीतल्या एका पदराशी, चार बोटे खाली, बांधावा. जाळी आपोआप आकार घेते. शेवटी आठही पदर तळाशी एकत्र घट्ट बांधले की शिंके तयार होते. पहिले शिंके बहुधा तिरके लटकते, कारण एखादी गाठ वर-खाली झालेली असते. दुसऱ्या वेळी माणूस स्वतःहून मापपट्टी हाती घेतो. मोजमापाचे महत्त्व त्याला कोणी सांगावे लागत नाही.

त्यापुढची पायरी बांबूची. तीन सारख्या लांबीच्या काठ्या मधोमध एकत्र आवळून फाकवल्या आणि वर गोणपाटाचे किंवा जाड कापडाचे तिकोनी आसन बांधले की खिळ्याशिवाय तिपाई उभी राहते. आवळताना दोर प्रथम काठ्यांभोवती फिरवायचा आणि मग काठ्यांच्या मधून, त्या वेढ्यांवरच आडवे वेढे देऊन ते कसायचे; हे आडवे वेढे विसरले तर तिपाई डुगडुगते. चार पायांचे स्टूल ओबडधोबड जमिनीवर डुगडुगते, तीन पायांचे मात्र नेहमी टेकते, ही भूमितीही येथेच कळते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी बांधले तर रबराचा ताण गाठ आणखी घट्ट धरतो. पंडरीतल्या छत्तीसगढ हाटात कारागिरांच्या बांबूच्या व हातमागाच्या वस्तू प्रदर्शनांत मांडल्या जातात. ज्याने स्वतः एक तिपाई बांधली आहे, तो अशा वस्तूकडे केवळ ग्राहक म्हणून पाहत नाही. ती कोठे सुरू झाली आणि कोठे संपली, हे त्याचे डोळे शोधू लागतात, आणि भावाची घासाघीस करताना त्याची जीभ थोडी अडखळते. दुसऱ्याच्या श्रमाचे मोल कळण्याचा याहून सरळ मार्ग नसावा.

हातांना शिक्षणात स्थान द्यावे, हा विचार मराठी मुलखाला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगाभोवती सारे शिक्षण गुंफणाऱ्या 'नई तालीम'चा पाया तेथे घातला गेला. पुढे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेला हा संशोधक मोठ्या कंपनीतील पद सोडून, शाळेत न रमलेल्या मुलांना सोबत घेऊन खेड्यात राहिला. जोडकाम, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, आहार आणि आरोग्य ही कामे प्रत्यक्ष करता करता त्यांमागचे विज्ञान शिकायचे, अशी तेथील पद्धत होती. त्यांच्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या पदविकेला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यताही मिळाली. २००२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या पुढाकाराने तेथे 'फॅब लॅब' ही आधुनिक कार्यशाळा उभी राहिली. जगात अशा आरंभीच्या कार्यशाळांत पाबळची गणना होते. शाळेने नापास ठरवलेले हात यंत्र चालवू शकतात, घर बांधू शकतात आणि मग पुस्तकाकडेही वळू शकतात, हे पाबळने दाखवून दिले. डॉ. कलबाग २००३ मध्ये निवर्तले, पण त्यांनी लावलेले काम चालू राहिले.

आनंदासाठी शिकलेल्या विद्येलाही जबाबदारी असते. कोणतीही गाठ दोराचे बळ काही ना काही कमी करते. काही गाठींनी ते निम्म्यावर येते, कारण तीव्र वळणावर दोराचे सारे तंतू सारखा भार उचलत नाहीत. चौकोनी गाठ जखमेची पट्टी किंवा गठ्ठा बांधायला उत्तम, पण भार उचलण्यासाठी दोन दोर जोडायला ती मुळीच वापरू नये, अशी कडक ताकीद ॲश्लीने दिली आहे. ती एका हिसक्याने उलटते आणि निसटते. ज्या दोरावर माणसाचा जीव टांगलेला आहे, तेथे जाणत्याने तपासलेली गाठच हवी. आणि लहान मुलांच्या गळ्याशी दोरीचा खेळ कधीही नसावा. गाठीवर भार पडतो तेव्हा ती बांधणाऱ्याचे बोलणे ऐकत नाही, त्याचे काम पाहते.

गाठ बांधण्याइतकीच ती सोडवण्याचीही एक विद्या आहे. सिकंदराने गॉर्डियमची न सुटणारी गाठ तलवारीने तोडली, अशी आख्यायिका सांगतात आणि त्याच्या धडाडीचे कौतुक करतात. पण ज्याला तोच दोर उद्या पुन्हा वापरायचा आहे, त्याला तलवार परवडत नाही. त्याला दोराची वाट उलट चालत जावी लागते: शेवटचा वेढा कोणता, तो कोणाच्या खालून गेला, कोठे ढील दिली तर बाकीचे सैल होईल. ओढल्याने गुंता वाढतो, ढकलल्याने तो सैल होतो, हे हळूहळू लक्षात येते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण हट्टी माणसाबद्दल सांगितली जाते; पण दोर जाणणाऱ्याला ठाऊक असते की पिळाशी भांडायचे नसते, त्याच्या उलट दिशेने शांतपणे फिरवायचे असते. हातभर सुतळीवर हा धीर शिकलेल्या माणसाला आयुष्यातल्या सगळ्या गाठी सुटतील असे नाही. पण समोर गुंता आला की तो घाईने कात्री शोधत नाही. आधी टोक शोधतो.